घरपोच नर्सिंग सेवा, नागपूर : पाच महिन्यांचा अनुभव आणि क्रिएटिनिनचा कागद

आईच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत आम्ही नागपुरातील एका ब्युरोची घरपोच नर्सिंग सेवा घेतली. ब्युरोचे नाव येथे मुद्दामच लिहीत नाही. जी उणीव मला दिसली ती या एकाच ब्युरोत आहे असे मला वाटत नाही, शिवाय ज्या सिस्टरांमुळे आई सावरली त्याही त्याच ब्युरोने पाठवल्या होत्या. सेवेबद्दल एका वाक्यात मत द्यायचे झाले तर असे म्हणेन, की औषध वेळेवर देण्यात ही सेवा अतिशय चोख आहे. पण ते औषध आज, या वजनाच्या आणि या किडनीच्या रुग्णाला त्याच मात्रेत द्यावे का, हा प्रश्न विचारण्याची सोय तिच्या व्यवस्थेत नाही. तो प्रश्न एखाद्या सिस्टरने स्वतःच्या अनुभवातून विचारला तर विचारला.

आधी चांगल्या गोष्टी सांगतो, कारण त्या खऱ्याच आहेत. सकाळी आठची पाळी म्हणजे आठच्या आधी पाच मिनिटे माणूस दारात, हा शिरस्ता पाच महिन्यांत दोनदाच मोडला, आणि दोन्ही वेळा तासाभरात बदली माणूस आला. दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठ कोरडी ठेवणे, टाचांखाली उशी देणे ही कामे न सांगता होत असत. पाच महिने अंथरुणाला खिळूनही आईला एकही शय्याव्रण झाला नाही, याचे सगळे श्रेय त्यांचे आहे. बोलणे अदबीचे, आईला ‘आजी’ म्हणून हाक, आणि फोनवर तासन् तास रमण्याची सवय कोणालाच नाही.

मात्र ब्युरोच्या दोन दरांमधला फरक पहिल्याच दिवशी नीट समजून घ्यायला हवा होता, तो आम्ही घेतला नाही. कमी दरात येते ती अटेंडंट. तिचे प्रशिक्षण थोड्या काळाचे असते आणि भरवणे, स्वच्छता, कूस बदलणे या कामांत ती तरबेज असते. जास्त दरात येते ती नोंदणीकृत सिस्टर, म्हणजे दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद झालेली. दोघींचा गणवेश एकच, आणि घरातले सगळेच दोघींना ‘सिस्टर’ म्हणतात. आम्ही दिवसा अटेंडंट ठेवली आणि औषधांची पेटीही तिच्याच हाती दिली. चूक इथून सुरू झाली, आणि तिच्यात आमचा वाटा ब्युरोपेक्षा कमी नव्हता.

आईचे वय ७८. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्र गोळी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, आणि मार्चमध्ये बरगड्यांवर नागीण उठून गेल्यानंतर मागे राहिलेल्या आगीसारख्या वेदनेसाठी गॅबापेंटिन, ३०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. शिवाय गुडघा फारच ठणकला तर ‘गरजेप्रमाणे’ घ्यायची डायक्लोफेनॅक, जी एका जुन्या चिठ्ठीवरून घरात आलेली होती आणि नव्या चिठ्ठीत कुठेच नव्हती. अटेंडंट ताईंनी सगळ्या गोळ्या सात दिवसांच्या पेटीत लावून ठेवल्या होत्या, आणि चार्टवर निळ्या शाईच्या बरोबरच्या खुणा रांगेने उभ्या होत्या. तो चार्ट पाहून मला फार समाधान वाटत असे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला. ज्यांनी नागपूरचा नवतपा काढला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. कूलरच्या खसातून येणारी हवासुद्धा दुपारी कोमट लागते. आईला त्याच सुमारास दोन दिवस जुलाब झाले. जुलाब थांबले, पण ती झोपाळू झाली. हाक मारली की डोळे उघडायची, अर्धे वाक्य बोलायची आणि पुन्हा मिटायची. चहाची बशी हातात दिली की हात मध्येच लटका पडल्यासारखा झटका बसायचा आणि चहा पदरावर सांडायचा. ताई म्हणाल्या, उन्हाची ग्लानी आहे. पर्यवेक्षकांनी फोनवर हेच सांगितले, आणि आम्हालाही ते पटले, कारण त्या दिवसांत नागपुरात प्रत्येकालाच थोडीफार ग्लानी असते. औषधे मात्र घड्याळाच्या काट्यावर सुरू होती: सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री नऊ.

तिसऱ्या दिवशी ताई रजेवर होत्या आणि बदलीत एक नोंदणीकृत सिस्टर आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. आधी एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात सहा वर्षे काम केलेल्या. आल्यावर त्यांनी पेटी उघडली नाही. आईला म्हणाल्या, “आजी, दोन्ही हात पुढे धरा आणि पंजे वर करा, रहदारीचा पोलीस गाडी थांबवतो तसे.” आईने पंजे वर केले आणि ते दर काही सेकंदांनी आपोआप खाली पडून पुन्हा वर येऊ लागले. सिस्टरांनी ते शांतपणे पाहिले आणि मला विचारले, “दादा, शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट कधीचा आहे? आणि आजींचं वजन किती?”

रिपोर्ट जानेवारीचा होता, शस्त्रक्रियेच्या आधीचा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, १.१ होते, प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या आत, आणि त्यापुढे चांदणी किंवा ठळक अक्षर काहीही नव्हते. त्याखाली ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाजही छापलेला होता, ५१. मी तो कागद बराच निर्धास्तपणे पुढे केला. वजन मात्र माहीत नव्हते. जुन्या फाइलीत ५४ किलो लिहिले होते. सिस्टरांनी शेजाऱ्यांकडून वजनकाटा मागवला, मला आईला उचलून घेऊन काट्यावर उभे केले, मग एकट्याला उभे केले, आणि वजाबाकी केली. ४६ किलो.

त्यानंतर त्यांनी चार्टच्या पाठीमागे जो हिशेब मांडला तो मी जपून ठेवला आहे. कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेले, किडनीची गाळण्याची क्षमता काढण्याचे हे सूत्र औषधांची मात्रा ठरवताना आजही वापरले जाते. १४० मधून वय वजा करायचे, त्याला वजनाने गुणायचे, आलेल्या आकड्याला ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचे, आणि रुग्ण स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणायचे. १४० वजा ७८ म्हणजे ६२, गुणिले ४६ म्हणजे २८५२, भागिले ७९.२, मग ०.८५. उत्तर मिनिटाला साधारण ३१ मिलिलिटर. म्हणजे ज्या कागदावर सगळे ठीक दिसत होते, त्या कागदाच्या दिवशीही आईची गाळण्याची क्षमता औषधांच्या हिशेबाने बरीच खाली होती. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. ज्यांच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत अशा म्हाताऱ्या, बारीक माणसांत ते मुळातच कमी तयार होते, त्यामुळे किडनी मंदावली तरी रक्तातला आकडा फारसा वर दिसत नाही. ईजीएफआरचा छापील आकडा एका ठरावीक शरीराकाराला, म्हणजे १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाला धरून काढलेला असतो. ४६ किलोच्या बाईच्या बाबतीत तो प्रत्यक्षापेक्षा बरा दिसतो. ५१ आणि ३१ यांतला फरक असा आला होता.

आणि हा हिशेब जानेवारीचा होता. जुलाबानंतरचा आकडा कोणाकडेच नव्हता.

सिस्टरांनी त्या दिवशी स्वतःच्या मनाने कुठलेही औषध बदलले नाही, हे आवर्जून लिहितो, कारण घरी येणाऱ्या सिस्टरने काय करावे आणि काय करू नये याबद्दल आपल्याकडे फार गोंधळ आहे. दुपारी दोनची गॅबापेंटिनची गोळी त्यांनी बाजूला काढून ठेवली, पावणेदोनलाच आमच्या धंतोलीतल्या फिजिशियनना फोन लावला, आणि चार वाक्यांत सांगितले: वय, वजन, दोन दिवसांचे जुलाब, झोपाळूपणा, हाताचे झटके, कोणती औषधे चालू आहेत, आणि गेल्या बारा तासांत लघवी किती कमी झाली आहे. निर्णय डॉक्टरांनी दिला. दुपारची आणि रात्रीची गोळी देऊ नका, रक्तदाबाची एकत्र गोळी तूर्त थांबवा, डायक्लोफेनॅक घरातच ठेवू नका, आणि रक्त आत्ताच पाठवा. प्रयोगशाळेचा मुलगा तासाभरात येऊन रक्त घेऊन गेला. संध्याकाळी अहवाल आला: क्रिएटिनिन १.९, पोटॅशियमही वाढलेले, ५.७. त्याच सूत्राने १८. क्रिएटिनिन चढत असताना हे सूत्रसुद्धा मागे पडते, कारण किडनी आधी बसते आणि आकडा नंतर वर येतो. म्हणजे खरी क्षमता त्या दिवशी १८ पेक्षाही कमी असणार. आईला दोन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले.

गॅबापेंटिनबद्दल मला जे कळले ते ऐकून मी थक्क झालो. हे औषध माणसाच्या शरीरात मोडतच नाही. जसे घेतले तसे किडनीतून बाहेर पडते. दुसरा दरवाजाच नाही. गाळण्याची क्षमता ६० च्या वर असेल तर रक्तातले औषध निम्मे व्हायला साधारण साडेसहा तास लागतात. क्षमता ३० च्या खाली गेली की तेच ५२ तासांवर जाते. म्हणजे दिवसातून तीनदा नवी गोळी आणि जुनी निम्मी व्हायला दोन दिवसांहून जास्त. ३० ते ५९ या टप्प्यात दिवसाला ४०० ते १४०० मिलिग्रॅम चालते, त्यामुळे मार्चमध्ये दिलेली ९०० ची मात्रा मर्यादेत होती. १५ ते २९ या टप्प्यात मर्यादा २०० ते ७०० वर येते, तीही दिवसातून एकदाच. चिठ्ठी चुकली नव्हती आणि गोळीही बरोबर वेळेला पोटात जात होती. चिठ्ठी लिहिली गेली तेव्हाची किडनी मेच्या अखेरीस तशी राहिली नव्हती, एवढेच झाले होते, आणि चार्टमध्ये ते टिपायला रकानाच नव्हता.

आईची किडनी एवढी का बसली, याचे उत्तरही पेटीतच होते. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक नळी मोकळी ठेवण्याचे काम शरीरातली जी द्रव्ये करतात, त्यांना डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके रोखतात. गाळणीतून रक्त बाहेर नेणारी नळी टेल्मिसार्टनमुळे सैल पडते. हायड्रोक्लोरोथायझाइड शरीरातले पाणी कमी करते. तिन्ही एकत्र आणि वर जुलाब, म्हणजे गाळणीवर दाबच उरत नाही. गंमत म्हणजे टेल्मिसार्टन स्वतः जवळजवळ पूर्णपणे पित्तावाटे बाहेर पडते, किडनीत साचत नाही. तरी किडनीच्या दृष्टीने ते बिनधोक नाही. ‘किडनीतून जात नाही’ आणि ‘किडनीला धक्का लावत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळले.

बाकीच्या वस्तूंची झडती सिस्टरांनी आई घरी परतल्यावर घेतली. बद्धकोष्ठासाठी कपाटात असलेले मिल्क ऑफ मॅग्नेशिया त्यांनी बाजूला काढले, कारण मंद किडनीत मॅग्नेशियम साचते. नातेवाईक उन्हाळा म्हणून रोज शहाळी आणून देत होते, पोटॅशियम ५.७ असलेल्या बाईला शहाळ्याचे पाणी म्हणजे मायेने दिलेला त्रासच. माझी बायको रक्तदाबासाठी चांगले म्हणून ‘कमी सोडियमचे’ मीठ वापरत होती. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते, हे पुडीवर बारीक अक्षरांत छापलेले असूनही आमच्यापैकी कोणी वाचले नव्हते. “वहिनी, आजींच्या वरणात साधंच मीठ घाला, पण मोजून,” असे सिस्टर म्हणाल्या, आणि डॉक्टरांना विचारून ते पक्के केले. हिवाळा असता तर संत्र्यांवरही संक्रांत आली असती. नागपुरात राहून संत्री मोजून खायची म्हणजे जरा अवघडच.

जूनमध्ये आईला लघवीत जळजळ सुरू झाली, तेव्हा कपाटातले नायट्रोफ्युरँटोइन या प्रतिजैविकाचे जुने पाकीट माझ्याच हातात आले होते. इथे मला आणखी एक उलटी गोष्ट कळली. इतर औषधे मंद किडनीत साचून त्रास देतात. हे औषध किडनीतून लघवीत उतरले तरच काम करते, आणि किडनीच मंद असेल तर पुरेसे लघवीत पोचत नाही, रक्तात मात्र वाढते. म्हणजे गुण नाही आणि नसांना अपाय होण्याची शक्यता मात्र आहे. डॉक्टरांनी लघवीचे कल्चर करून दुसरे प्रतिजैविक दिले. मेटफॉर्मिन तर रुग्णालयातच बंद झाले होते, कारण ईजीएफआर ३० च्या खाली गेला की ते देत नाहीत. त्याऐवजी लिनाग्लिप्टिन आली, जिचा मुख्य मार्ग पित्ताचा आहे. ज्यांच्या घरी इन्सुलिन चालू आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की शरीरातले बरेच इन्सुलिन किडनीच निकालात काढते. किडनी मंदावली की तेच युनिट जास्त वेळ काम करत राहते आणि पहाटे साखर खाली जाते. कालपर्यंत बरोबर असलेली मात्रा अचानक जास्त ठरू लागली, तर साखर सुधारली म्हणून आनंद मानण्याआधी क्रिएटिनिन पाहिलेले बरे.

लघवी मोजण्याचे काम मला सर्वांत शिकण्यासारखे वाटले. आई डायपरवर होती, त्यामुळे मोजायचे कसे हा प्रश्न होता. सिस्टरांनी एक स्वतंत्र काटा आणायला लावला, कोरड्या डायपरचे वजन एकदा लिहून ठेवले, आणि ओल्या डायपरमधून ते वजा करून येणारे ग्रॅम म्हणजे साधारण तितकेच मिलिलिटर, असा हिशेब सुरू केला. किलोमागे ताशी अर्धा मिलिलिटर ही त्यांची खालची रेघ होती. ४६ किलोला ताशी २३, म्हणजे बारा तासांच्या पाळीत पावणेतीनशेच्या आसपास. त्याच्या खाली गेले की फोन. ताईंना हे शिकवायला अर्धा तास लागला आणि त्यानंतर त्यांनी ते एकदाही चुकवले नाही. म्हणजे माणसे शिकायला तयार आहेत. त्यांना कोणी शिकवलेले नाही, आणि याची जबाबदारी ताईंवर नव्हे, ब्युरोवर येते.

तक्रार घेऊन मी ब्युरोच्या कार्यालयात गेलो. पर्यवेक्षकांनी ऐकून घेतले, चहा दिला, आणि नोंदणी-अर्ज दाखवला. दोन पानांच्या त्या अर्जात रक्तदाब, साखर, ॲलर्जी, आवडता आहार, इतकेच काय पण रुग्णाला कोणती भाषा येते हेही विचारलेले होते. किडनीचा उल्लेख नव्हता. वजनाचा रकाना होता, पण तो नातेवाइकांनी तोंडी सांगायचा. आमच्या अर्जावर त्यांनी पेनाने ‘क्रिएटिनिन, तारखेसह’ अशी एक ओळ घातली. छापील अर्ज बदलणार का, या प्रश्नावर ‘वर विचारतो’ असे उत्तर मिळाले. जून संपेपर्यंत तो बदललेला नव्हता. बिलातून त्या तीन दिवसांचे पैसे कमी करण्याची तयारी त्यांनी दाखवली, ती मी घेतली नाही, कारण डायक्लोफेनॅकचे पाकीट आमच्याच कपाटातले होते.

ही सेवा घ्यावी का, असे कोणी विचारले तर घ्यावी असेच मी सांगेन, पण दोन अटींवर. दिवसभरासाठी अटेंडंट ठेवली तरी औषधांची पेटी आठवड्यातून एकदा नोंदणीकृत सिस्टरकडून भरून घ्यावी. ब्युरो अशी एक-दोन तासांची भेट वेगळ्या दराने देतो, पण विचारल्याशिवाय सांगत नाही. आणि जुलाब, उलट्या, ताप किंवा जेवण-पाणी सुटणे यांपैकी काहीही झाले, तर पुढची मात्रा देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा, अशी सूचना त्या पेटीवरच चिकटवून ठेवावी. डायलिसिसवरील रुग्ण घरी असेल तर मात्र अटेंडंटवर भागवू नये. त्यांच्या कित्येक औषधांच्या वेळा डायलिसिसच्या दिवशी वेगळ्या असतात. काही प्रतिजैविके आणि गॅबापेंटिनसुद्धा यंत्रातून धुऊन निघतात, म्हणून ती नंतर द्यायची असतात. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणाच्या घासाबरोबर घेतली नाही तर तिचा उपयोग होत नाही. आणि फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्यांची केलेली जोडणी, असलेल्या हातावर रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही की सुई टोचायची नाही. हे ज्याला आधीपासून माहीत आहे अशाच माणसाची मागणी ब्युरोकडे नोंदवावी.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आईचे क्रिएटिनिन १.३ वर आले, म्हणजे त्याच सूत्राने २६. गॅबापेंटिन आता रात्री एकच आहे, ३०० ची. वेदना पूर्ण गेलेली नाही, पण चहाची बशी ती स्वतःच्या हाताने धरते. त्या सिस्टर पुढे दुसऱ्या घरी गेल्या. शेवटच्या आठवड्यासाठी नव्या ताई आल्या तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे आधी साखरेची वही मागितली. मी त्यांच्या हाती वही दिली आणि तिच्यावर क्रिएटिनिनचा कागद ठेवला. त्यांनी तो वाचला, तारीख पाहिली, आणि पेटीच्या झाकणावर चिकटवलेल्या पट्टीवर जुन्या आकड्याखाली नवा आकडा लिहिला.